खंजिरीवाले महाराज

गेल्या श्रावणात आपल्या मंडळाची सहल ज्ञानगंगा अभयारण्याकडे गेली होती. बुलढाण्याहून खामगावच्या वाटेला लागले म्हणजे बोथ्याचे जंगल लागते. त्या जंगलाच्या कडेच्या एका विश्रामगृहात आमचा मुक्काम होता. रात्री भजन व्हावे अशी सर्वांची इच्छा, म्हणून घाटाखालच्या एका गावातून गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी आली. चार पुरुष, दोन बाया, एक पेटी, ढोलकी, टाळ आणि दोन खंजिऱ्या, एवढाच सरंजाम. जंगलाशेजारी कर्णा लावायला परवानगी नव्हती, आणि ते फार बरे झाले.

झिमझिम पाऊस दिवसभर चालूच होता. ओलाव्याने खंजिरीचे चामडे सैल पडले होते. बोट मारले की नुसता भद्द आवाज येई. तेव्हा त्या दोघींपैकी एक बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीच्या निखाऱ्यांवर हातभर उंच धरून खंजिरी शेकू लागल्या. मधूनमधून टिचकी मारून पाहात. भाकरी शेकावी तशी ती खंजिरी फिरवणे चालले होते. पाच-सात मिनिटांत चामडे ताणले गेले आणि टिचकीला खणखणीत उत्तर आले. मग ओसरीवर कंदील टांगून भजन सुरू झाले ते मध्यरात्रीपर्यंत. समोर काळाकुट्ट डोंगर, पागोळ्यांचा आवाज आणि त्यात ती खंजिरी! आमच्यातील काहीजणी जेवताना सारख्या वाघाचीच चर्चा करीत होत्या (२०१९ साली यवतमाळकडच्या तिपेश्वरहून एक वाघ चालत चालत या जंगलापर्यंत आला होता), त्यांनाही वाघाचा विसर पडला.

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे सहलीचा वृत्तांत मागितला होता. परंतु लिहायला बसले तो वृत्तांत बाजूलाच राहिला आणि ज्यांची भजने त्या रात्री आम्ही ऐकली, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेच चरित्र मनात घोळू लागले. भगिनींनो, वृत्तांताऐवजी तेच गोड मानून घ्यावे.

महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी ३० एप्रिल १९०९ रोजी झाला. पाळण्यातले नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई, आडनाव इंगळे. घराणे ब्रह्मभटांचे, म्हणजे गाणे-सांगणे रक्तातच. पण त्या गाण्याने पोट भरत नव्हते. घरात दारिद्र्य असे, की यावली सोडून मुलाला घेऊन आईच्या माहेरी, वरखेडला, आसरा घ्यावा लागला. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. मुलाचे सारे लक्ष भजनात, देवळात आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे. हे आडकोजी महाराज अवलिया वृत्तीचे सत्पुरुष होते. तेच माणिकचे गुरू झाले. भाकरीच्या तुकड्यांवर वाढलेल्या या पोराला तुकड्या हे नाव त्यांनीच दिले असे सांगतात. पुढे भजनाच्या शेवटच्या चरणात महाराजांनी तेच नाव गुंफले. लोकांनी मोठेपणाच्या किती पदव्या दिल्या, पण भजनात ते अखेरपर्यंत तुकड्यादासच राहिले.

१९२१ साली आडकोजी महाराज गेले. माणिक तेव्हा बारा वर्षांचा. त्यानंतर हा मुलगा घरी ठरेना. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरकडचे गोंदोड्याचे अरण्य अशा रानावनांत तो भटकला, गुहेत राहिला, तप केले. चरित्र सांगताना आपण या भागापाशी हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र येथे मंजुळाबाई दिसतात. हातातोंडाशी आलेला मुलगा रानात निघून गेला म्हणजे आईच्या घशाखाली घास कसा उतरत असेल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. संतांच्या तपाचा हिशेब मांडताना त्या आईच्या उपासांचा हिशेब कोणी मांडीत नाही, एवढे म्हणून मी पुढे जाते.

रानातून परतलेला तरुण गात होता, हातात खंजिरी होती आणि ऐकणाऱ्यांची गर्दी वाढू लागली. खंजिरी हे वाद्य आपल्याकडे कोणी मोठे मानलेले नाही. लाकडाचे एक कडे, एका तोंडावर चामडे आणि कड्यातील खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या, झाले वाद्य. दक्षिणेकडे कर्नाटक संगीताच्या मैफलीत तिची धाकटी बहीण कंजिरा मृदंगाशेजारी मानाने बसते. आपल्याकडे ती दारोदार गात फिरणाऱ्याच्या काखेत असायची. तिला बैठक लागत नाही, साथीदार लागत नाही, बैलगाडीत, एस्. टी.त, पायवाटेवर, कुठेही ती नेता येते. डाव्या हाताने कडे पेलायचे, उजव्या हाताच्या बोटांनी चामडे बोलवायचे आणि मनगटाच्या झटक्याने चकत्या झणझणवायच्या. गाणाऱ्याचे तोंड आणि डोळे लोकांकडे मोकळे राहतात. महाराजांना नेमके हेच हवे होते. त्यांना ऐकवायचे नव्हते, बोलायचे होते. आणि ते बोलत गाण्यातून. भाषा साधी मराठी किंवा साधी हिंदी, चाल चटकन् ओठावर बसणारी. तीन हजारांहून अधिक भजने त्यांनी रचली. शास्त्रीय गाण्याच्या जाणकारांनी त्यात उणेपणा काढावा, तो त्यांचा अधिकार आहे. पण नांगर सोडून आलेला माणूस पहिल्या खेपेला ऐकतो आणि दुसऱ्या खेपेला म्हणतो, असे गाणे करणे सोपे असते तर ते पुष्कळांनी केले असते.

१९३५ साली सालबर्डीला मोठा यज्ञ झाला. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या कुशीत ही जागा आहे. आपल्या जळगाव-जामोद, संग्रामपूरकडच्या भगिनींना तो डोंगर वेगळा सांगायला नको. त्या डोंगरात लाखोंनी लोक लोटले. महाराज तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. येथून त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले असे मला वाटते. दर्शनाला येणाऱ्या गर्दीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न पुष्कळ साधुपुरुषांना पडत नाही. महाराजांना तो पडला. गर्दीला नारळ-अंगारा देऊन परत पाठवण्याऐवजी त्यांनी तिला कामाला लावले. गावोगाव सेवा मंडळे निघाली. पहाटे ध्यान, नंतर ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, असा नेम ठरला. प्रार्थनेत सर्व जातींची, सर्व धर्मांची माणसे एका ओळीत बसत.

दुसऱ्याच वर्षी, १९३६ साली, महात्माजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. सुमारे महिनाभर ते तेथे होते. महात्माजींच्या मौनाच्या दिवशी भजन झाले आणि ऐकता ऐकता त्यांना मौनाचाच विसर पडला, अशी एक गोष्ट गुरुदेवभक्त मोठ्या प्रेमाने सांगतात.

मग आले १९४२ साल. विदर्भात चिमूर आणि आष्टी ही दोन गावे १६ ऑगस्टला पेटून उठली. त्या भागात महाराजांची भजने घरोघर पोचलेली होती. सरकारला खंजिरीची भीती वाटली; महाराजांना चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. वर्ष संपण्यापूर्वी ते सुटले. चिमूरच्या भगिनींना मात्र इतक्या लवकर सुटका नव्हती. बंदोबस्तासाठी आलेल्या शिपायांनी तेथील स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भणसाळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. महाराजांच्या चरित्रात हा उल्लेख कोणाला अप्रस्तुत वाटेल. पण त्या स्वातंत्र्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांची नावे कोणत्या शिलालेखावर नाहीत. निदान बायकांच्या स्मरणिकेत तरी त्यांची आठवण असावी.

स्वातंत्र्यानंतर महाराजांचे सारे बळ खेड्यावर लागले. १९५५ साली त्यांची ग्रामगीता पुरी झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या. ओवी म्हणजे जात्यावरची, आपल्या घरातली. पण हिच्यातला विषय पाहावा तर गावची सफाई, आरोग्य, रस्ते, शिक्षण, लग्नातील उधळपट्टी, आणि हा ग्रंथ अर्पण कोणाला, तर ग्रामदेवतेला! महिलोन्नती नावाचा एक स्वतंत्र अध्यायही तीत आहे. तो मी तीन वेळा वाचला. स्त्रीने शिकावे, तिला गुलामासारखे वागवू नये, हे त्यात तळमळीने सांगितले आहे. मात्र त्यातील स्त्री मुख्यतः माता आणि गृहिणी आहे. नोकरीवर जाणाऱ्या, सरपंच झालेल्या आमच्या मुली-सुनांना ती चौकट आज तोकडी वाटेल. मलाही वाटली. तरी ज्या काळात माजघरातून पुढच्या ओसरीवर यायला बाईला कारण लागे, त्या काळात प्रार्थनेच्या मैदानात तिला उघडपणे बसवणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म व विश्वशांती परिषद भरली. तेथे महाराज गेले ते खंजिरी घेऊनच. पुढल्या वर्षी भारत साधुसमाजाची स्थापना झाली आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. १९६२च्या आणि १९६५च्या युद्धांच्या वेळी ते जवानांना धीर देण्यासाठी सीमेवर गेले. मानमरातब पुष्कळ झाले. त्यांची यादी येथे देत नाही.

वऱ्हाडाचे भाग्य असे की एकाच काळी दोन महापुरुष या मातीत फिरत होते. गाडगेमहाराज वयाने तेहतीस वर्षांनी वडील. ते आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडीत. तुकडोजी महाराजांनी भजनामागोमाग खराटा आणला. दोघांच्याही हाती जे होते ते अगदी साधे. कोणत्याही गरिबाच्या घरी सापडेल असे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले आणि या जोडीतील एक फुटली.

महाराजांना कर्करोग झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय अवघे ५९. दर वर्षी पुण्यतिथीच्या उत्सवात त्या घटकेला मोझरीला लाखांचा जमाव स्तब्ध उभा राहतो. एरव्ही जेथे दिवसभर भजने चालतात तेथे त्या वेळी एकही चकती वाजत नाही. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेत प्राथमिक इयत्तांपुढे न गेलेल्या माणसाचे नाव आता पदवीच्या कागदावर छापून येते.

आता पुन्हा त्या विश्रामगृहाकडे वळते. भजन संपल्यावर मघाच्या बाईंनी खंजिरी माझ्या हातात दिली. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या गावच्या देवळात खंजिरी उचलली होती, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ती हातातून काढून घेतली. पोरीच्या हाताला ती शोभत नाही असे त्यांचे म्हणणे. ते गुरुदेवाचेच भजन म्हणणारे होते, हे विशेष. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. हाताला ठेका काही जमला नाही, चकत्या मात्र पुष्कळ वाजल्या आणि सगळ्याजणी हसल्या.

पहाटे पाचला जाग आली ती खरखर अशा आवाजाने. बाहेर डोकावले तर भजनाची मंडळी आवार झाडीत होती. रात्री आम्ही टाकलेल्या पत्रावळी, कागदी पेले, केळांच्या साली, सारे त्यांनी एका कोपऱ्यात गोळा केले होते. पाहुण्यांचे आम्ही यजमान. आणि आमचे उष्टे उचलीत होते पाहुणे! त्यांच्या चेहऱ्यावर उपकाराची किंवा रागाची एक रेषाही नव्हती. रोजचा नेम म्हणून ते काम चालले होते. आम्ही धावत जाऊन खराटे मागितले तोवर अर्धे आवार झाडून झाले होते. परतीच्या गाडीत नेहमीच्या गाण्याच्या भेंड्या झाल्या नाहीत.

यंदा मंडळाच्या शिलकेतून दोन खंजिऱ्या आणि सहा खराटे घेतले आहेत. एका खंजिरीला प्लॅस्टिकचा पडदा आहे. तिला पाऊस बाधत नाही, पण तिचा आवाज मला पटत नाही. चामड्याची माझ्या घरी असते. बुलढाण्याच्या पावसाळी हवेत ती रोज रुसते, म्हणून स्वयंपाकघरात खुंटीला टांगून ठेवली आहे, आणि गुरुवारी मंडळात नेण्यापूर्वी पोळ्या झाल्यावर तव्याच्या उरलेल्या धगीवर शेकून घेते.