जुहूचा वारा आणि ताटातले मीठ

निवृत्तीनंतर रोज सकाळी जुहूच्या वाळूत चालायचे, हा माझा नेम. बँकेत चाळीस वर्षे मी लोकांची खाती तपासली, आता डॉक्टर माझी तपासतात. रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर या तिन्ही खात्यांत शिल्लक भलतीच वाढल्याने ताटातले वरचे मीठ बंद झाले आहे. लोणच्याची बरणी हिने फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होतो. मग याच किनाऱ्यावर राहून गेलेल्या एका माणसाची आठवण झाली.

गांधीजी मार्च १९२४ मध्ये इथे विश्रांतीसाठी आले. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे अपेंडिक्स बिघडले आणि १२ जानेवारीला पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ऐन वेळी वीज गेली, उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारीला सुटका झाली आणि पुढे ते नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात उतरले. विश्रांती नावालाच. मोतीलाल नेहरू आणि देशबंधू दास वाटाघाटींसाठी तिथेच येऊन थडकले.

पण मला खुणावते ती त्याआधीची, दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट. शस्त्रक्रियेनंतरही कस्तुरबांचा रक्तस्राव पुन्हा सुरू झाला होता. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितले. बा काही मुळूमुळू ऐकणाऱ्या नव्हत्या. हे तर तुम्हालाही जमायचे नाही, असे त्यांनी सुनावले. झाले! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडले. बांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांनी विनवण्या केल्या, पण नेम काही मोडला नाही. शेवटी बांनीही पथ्य पाळले आणि त्या बऱ्या झाल्या. गुण नक्की कशाचा, हे गांधीजींनी मात्र छातीठोकपणे सांगितले नाही. नवरा म्हणून हा हट्ट मला आजही जरा जाचक वाटतो. तरी स्वतः आधी सोडले, एवढे खरे.

स्वतःच्या ताटातले मीठ सोडणारा हाच माणूस १९३० मध्ये दुसऱ्यांच्या मिठासाठी साबरमतीहून दांडीला चालत गेला. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ हवेच, त्यावर कर कसला? शेजारच्या विलेपार्ल्यात जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने सत्याग्रहाची छावणी पडली आणि आमच्या या किनाऱ्यावरही कायदा मोडला गेला.

आता गंमत पाहा. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांच्या रक्तदाबाची नोंद १९४/१३० आहे! त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टरांनी त्यांना पुन्हा जुहूलाच पाठवले. अंगावर मांस नाही, खाणे मोजके, तरीही. वय, आनुवंशिकता, ताण, अपुरी झोप, कारणे पुष्कळ असतात. एकटे मीठ हा काही आरोपी नव्हे, पण साथीदार नक्कीच आहे. मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवर भार येतो. माझ्यासारख्याचे पोट सुटले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि मूत्रपिंडे सोडियम बाहेर टाकायला कुचराई करतात. म्हणजे तीच चिमूट स्थूल माणसाला आणि मधुमेह्याला अधिक जड जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, एवढेच मीठ सांगते. त्यात पापड, लोणचे, फरसाण आणि पाव सगळे आले. डॉक्टरांना न विचारता मीठ पार तोडणे हेही शहाणपणाचे नाही.

मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी पुन्हा इथे आले, शांतिकुमार मोरारजींकडे. हिवतापाने शरीर पोखरले होते. त्या मुक्कामात त्यांनी ‘रामराज्य’ हा चित्रपटही पाहिला, शोभना समर्थांचा. पण त्या वेळी बा बरोबर नव्हत्या. २२ फेब्रुवारीलाच त्या त्याच कैदेत गेल्या होत्या.

काल फेरी आटोपून घरी आलो, तर ताटात अळणी मुगाची खिचडी होती. हिच्याही ताटात तीच. हिला कसलाही रक्तदाब नाही. मी काही न बोलता लिंबू पिळले आणि जेवायला बसलो.