दादाभाईंची पहिली निवडणूक

इ. स. १८८६ च्या उन्हाळ्यात लंडनमधील होबर्न मतदारसंघातून दादाभाई नौरोजी लिबरल पक्षाच्या वतीने पार्लमेंटसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांनी वयाची साठी गाठली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताचे अध्यापन, विलायतेतील व्यापार, बडोद्याची दिवाणगिरी असे नाना व्याप त्यांनी तोवर सांभाळले होते. मुंबईत त्यांना मोठा मान होता. आदल्याच वर्षी ते तेथील कायदे कौन्सिलाचे सभासद झाले होते. अशा उतारवयात सातासमुद्रापलीकडे जाऊन परक्यांच्या दारी मते मागण्याचे त्यांनी का मनावर घेतले?

याचे उत्तर त्यांच्या आकडेमोडीत सापडते. दादाभाई हाडाचे गणिती. सरकारनेच छापलेले अहवाल पडताळून त्यांनी हिंदी मनुष्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न काढले. ते अवघे वीस रुपये भरले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रालाही याहून अधिक खर्च येई! गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, त्यांची निवृत्तिवेतने आणि विलायतेतील कारभाराचा खर्च या वाटांनी देशाचे धन बाहेर वाहून जाते, हे त्यांचे निदान होते.

पण ते ऐकणार कोण? मुंबईच्या कौन्सिलात सभासदाला सरकारला प्रश्न विचारण्याचीदेखील मुभा नव्हती. खरी सत्ता होती थेम्स नदीच्या काठी. १८५८ पासून हिंदुस्थानचा कारभार पार्लमेंटला जबाबदार असलेल्या मंत्र्याच्या हाती गेला होता. मात्र हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा अधिवेशन संपत आले म्हणजे निघे, आणि त्या वेळी सभागृहातील बहुतेक बाके रिकामी असत. सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनमध्येच होई. तिची वयोमर्यादाही एकोणीस वर्षांवर आणलेली. कोट्यवधी हिंदी प्रजेच्या वतीने या गोष्टींचा जाब विचारणारा एकही हिंदी माणूस तेथे नव्हता. बंगालचे लालमोहन घोष १८८५ मध्ये उभे राहून पराभूत झाले होते. ती रिकामी जागा भरून काढावी, या ध्यासाने दादाभाई निघाले.

होबर्न हा विरोधकांचा बालेकिल्ला, आणि तयारीला जेमतेम काही आठवडे मिळालेले. निवडणूक गाजत होती ती आयर्लंडच्या स्वराज्यावरून. दादाभाईंनी आयरिश जनतेची बाजू उघडपणे घेतली. त्यांना १९५० मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ३६५१. पुढे १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी या पराभवाची मीमांसा करताना दादाभाईंच्या वर्णाचा हिणकस उल्लेख केला. परिणाम उलटाच झाला. ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते, अशा इंग्रजांच्या घरोघरी ते पोहोचले.

पराभवानंतर, डिसेंबर १८८६ मध्ये दादाभाईंनी कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले आणि १८८७ मध्ये ते पुन्हा लंडनला परतले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले. मताधिक्य बोटांवर मोजण्याइतके होते. दुसऱ्याच वर्षी सनदी परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव सभागृहात मंजूर झाला. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही.