मक्याच्या देशात रुजलेले खानखोजे

ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी तारुण्य वेचले, तो देश स्वतंत्र झाल्यावर तेथे येण्यासाठी व्हिसा मागावा लागावा आणि तो आधी नाकारला जावा, असा प्रसंग पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या वाट्याला आला. ब्रिटिशांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. ब्रिटिश गेले, यादी मात्र दप्तरात तशीच राहिली. पुढे ही बंदी उठली, खानखोजे भारतात आले आणि १९५५ पासून नागपूरकर झाले. नागपूर त्यांना अगदीच नवे नव्हते. याच शहरात त्यांचे शिक्षण झाले होते. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत मात्र त्यांनी अर्धी पृथ्वी पालथी घातली होती आणि मेक्सिकोत संपूर्ण नवे आयुष्य उभे केले होते.

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्ध्याचा. घराण्यात १८५७ च्या आठवणी ताज्या होत्या. विद्यार्थिदशेतच त्यांना सशस्त्र क्रांतीच्या विचाराने ओढले आणि त्या काळच्या अनेक तरुणांप्रमाणे तेही लोकमान्य टिळकांकडे गेले. युद्धशास्त्र शिकायचे तर ते परदेशात, आणि त्यासाठी रशियाला नमवणाऱ्या जपानसारखा देश दुसरा नाही, अशी त्या पिढीची भावना होती. टिळकांनीही त्यांना जपानचाच रस्ता दाखवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खानखोजे घराबाहेर पडले. जपानमध्ये काही काळ काढून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

तेथे त्यांनी दोन गोष्टींचा अभ्यास एकाच वेळी केला. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत कवायत आणि शस्त्रविद्या, तर ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतकी. वरवर पाहता या दोन विद्यांचा एकमेकींशी संबंध नाही. खानखोजेंच्या डोक्यात तो पक्का होता. वऱ्हाड-नागपूर प्रांताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिलेले दुष्काळ त्यांच्या बालपणातले आहेत. उपाशी शेतकऱ्याला स्वराज्य मिळून पोट भरणार नाही, त्यासाठी बियाणेही बदलावे लागेल, या दृष्टीने ते शेतीकडे पाहत असावेत. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांना संघटित करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१३ मध्ये गदर पक्ष स्थापन झाला तेव्हा पहिल्या फळीत खानखोजे होते.

पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी अमेरिका सोडली. तुर्कस्तानमार्गे इराण गाठून तेथील टोळ्यांच्या साहाय्याने बलुचिस्तानच्या बाजूने भारतात शिरायचे, असा बेत होता. इराणात लढाया झाल्या. कैद आणि पलायन यांचाही अनुभव त्यांनी घेतला. बेत फसला. युद्ध संपल्यावर बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते वावरले आणि १९२१ मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले. पण हाती काही लागेना.

खरी अडचण पुढेच होती. पारतंत्र्यातील भारतीयाला परदेशात स्वतःचे नागरिकत्व नव्हते. कायद्याने तो ब्रिटिश प्रजाजन. पासपोर्ट हवा तर तो ब्रिटिश वकिलातीत जाऊन मागायचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले त्यांच्याच दारात उभे राहायचे. भारतात परतणे म्हणजे तुरुंग किंवा फास. अमेरिकेत गदर चळवळीवर १९१७-१८ मध्ये मोठा खटला चालला होता, त्यामुळे तो रस्ताही बंद. शिवाय फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की, भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नसल्यामुळे तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, अशा भारतीयांच्या मागेही ते काढून घेण्याचे दावे लागले. युरोपात हद्दपारीची टांगती तलवार होती. चाळिशीला आलेल्या, दोन विद्या शिकलेल्या या माणसाला पाय टेकायला जागा उरली नव्हती.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला पोहोचले. हा देश त्यांनी डोळे मिटून निवडलेला नव्हता. अमेरिकेतील शेतांवर मेक्सिकन मजुरांशी त्यांचा परिचय झाला होता आणि तेथील क्रांतीची हकीकत त्यांच्या कानावर होती. १९१० मध्ये सुरू झालेल्या या क्रांतीने जमीनदारांच्या हातची जमीन गावांना परत देण्याचे वचन १९१७ च्या राज्यघटनेत लिहून ठेवले होते. नव्या सरकारला शेतीचे जाणकार हवे होते आणि ते कोणत्या वंशाचे, कोणाचे प्रजाजन, याची फारशी चौकशी ते करत नव्हते. मानवेंद्रनाथ रॉय यांनाही काही वर्षांपूर्वी याच देशाने आसरा दिला होता.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजेंना प्राध्यापकाची जागा मिळाली. एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या जहागिरीच्या वाड्यात हे विद्यालय नुकतेच हलवण्यात आले होते, आणि वाड्यातील प्रार्थनागृहाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा हा मोठा चित्रकार त्याच सुमारास भित्तिचित्रे रंगवत होता. स्पॅनिश भाषा शिकून खानखोजे शिकवू लागले. संशोधनाचा मुख्य विषय मका. मेक्सिकोत मका हे नुसते धान्य नाही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी तशी तिकडे मक्याची तोर्तिया, आणि मक्याचे मूळ घरही तेच. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते आणि लागवडीचा मका यांच्या संकरावर त्यांनी काम केले. थंडी आणि अवर्षण सोसणारी वाणे शोधली. गहू, कडधान्ये, रबर यांवरही त्यांचे प्रयोग चालले. इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी या संशोधनाची छायाचित्रे काढली.

विद्यालयाच्या कुंपणाबाहेरचे त्यांचे काम अधिक मोलाचे म्हणावे लागेल. शेतकऱ्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन त्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. फी नाही, प्रवेशाची अट नाही, शिकायला येणारा शेतावरचाच माणूस. गदरच्या दिवसांत मजुरांच्या खोल्यांतून बैठका घेणारा कार्यकर्ता येथे वेगळ्या रूपात दिसतो. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात मेजावर बसून भाकरी मोडून वाटणारी व्यक्ती आहे. तिला खानखोजेंचा चेहरा दिला आहे, असे मानले जाते.

मात्र परक्या देशातील स्वागतालाही मर्यादा असते. मेक्सिकोच्या त्याच क्रांतिकारी घटनेत तेहतिसावे कलम होते. परकीयाने देशाच्या राजकारणात पडू नये आणि नको असलेल्या परकीयाला सरकारने हाकलून द्यावे, असा त्याचा आशय. १९३० मध्ये मोदोत्ती यांना मेक्सिकोतून बाहेर काढण्यात आले. खानखोजे राहिले. १९३६ मध्ये त्यांनी जेन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. वडील वैदर्भीय, आई बेल्जियन, बोलणे स्पॅनिश आणि नावे अस्सल भारतीय, असे हे घर होते.

मग १९४७ साल उजाडले. मेक्सिकोत मान होता, काम होते, संसार होता आणि वयाची साठी उलटली होती. तरीही त्यांना परतायचे होते. पण नव्या भारताने नागरिकत्वाचा नियम कडक ठेवला. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदानुसार ज्याने स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले, तो भारताचा नागरिक राहत नाही. फाळणीच्या पार्श्वभूमीवर एकाच माणसाच्या दोन निष्ठा सरकारला नको होत्या, हे समजण्यासारखे आहे. परंतु हा नियम करताना, आपखुशीने गेलेला आणि नाइलाजाने गेलेला यांत फरक करायला हवा होता. खानखोजेंसारखे लोक परदेशी स्थिरावले ते हौसेने नव्हे. परदेशस्थ भारतीयांसाठी ओसीआय कार्डाची सोय २००५ मध्ये झाली, पण आजही ते दुहेरी नागरिकत्व नव्हे.

खानखोजे पत्नी आणि मुलींसह नागपुरात आले तेव्हा शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत तो मान गेला. सार्वजनिक कामात आणि राजकारणात खानखोजे शिरले खरे, पण अर्ध्या शतकाची गैरहजेरी भरून निघणे कठीण असते. सोबतचे बहुतेक निघून गेले होते आणि नव्या पिढीला गदर हा शब्दही परका होता. महाराष्ट्राला त्यांची ओळख खऱ्या अर्थाने झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या इंग्रजी आणि वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या मराठी चरित्रांमुळे. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला.

चापिंगोचे नाव पुढे आणखी एका कारणाने भारताशी जोडले गेले. १९४० च्या दशकात मेक्सिको सरकार आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या कार्यक्रमात नॉर्मन बोरलॉग तेथे दाखल झाले आणि मेक्सिकोच्या भूमीत गव्हाची बुटकी वाणे तयार झाली. त्यांचे श्रेय बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. ते खानखोजेंच्या पदरात टाकण्याचा मोह अलीकडे काहींना होतो, तो टाळलेला बरा. १९६६ मध्ये भारताने या वाणांचे अठरा हजार टन बियाणे मेक्सिकोतून जहाजाने आणले. त्या रब्बीचा गहू शेतांत उभा असताना, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपुरात खानखोजे यांचे निधन झाले. त्यांचे वय ८२ होते.