मॉरिस फ्रँक

कसबा पेठ ही पुणे शहरातील सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपतीचे देऊळ याच पेठेत आहे, आणि तांब्याची भांडी घडविणाऱ्या कारागिरांची तांबट आळीही येथेच आहे. या पेठेत लहानाचा मोठा झालेला एखादा अंध मनुष्य तिच्या वाटा डोळ्यांवाचूनही ओळखू शकतो. देवळातील घंटा वाजली की आपण कोठे आहोत हे त्यास कळते. हातोड्यांचे ठोके ऐकू येऊ लागले की तांबट आळी जवळ आली, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु अनोळखी गावात, वाहनांच्या गर्दीत, ही ओळख काय कामाची? तेथे त्याला कोणाचा तरी हात धरावा लागतो. आणि ज्याला पावलोपावली दुसऱ्याचा हात धरावा लागतो, त्याला आपला सारा दिवस दुसऱ्याच्या सवडीप्रमाणे घालवावा लागतो. हे परावलंबन एका अमेरिकन तरुणाला असह्य झाले. त्यातून त्याने स्वतःची वाट काढली आणि पुढे हजारो अंधांसाठी ती मोकळी करून दिली. त्याचे नाव मॉरिस फ्रँक.

मॉरिसचा जन्म २३ मार्च १९०८ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल या शहरी झाला. घरची स्थिती चांगली होती. पण त्याची आई अंध होती. आईचा हात धरून तिला हिंडवून आणणे हे लहानग्या मॉरिसचे काम असे. अंध माणसाला वाट दाखविणे म्हणजे काय, हे त्याला असे बालपणीच कळले होते. दैवाची गती मात्र विचित्र. सहा वर्षांचा असताना तो घोड्यावरून जात होता. झाडाची एक फांदी त्याला लागली आणि त्याचा उजवा डोळा गेला. पुढे सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसऱ्या डोळ्याला मार बसला व तोही गेला. कालपर्यंत आईला वाट दाखविणारा मुलगा आता स्वतःच वाट दाखविणाऱ्याच्या शोधात पडला.

मॉरिस खचला नाही, पण तो सुखीही नव्हता. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकू लागला आणि फावल्या वेळात घरोघर जाऊन विमा उतरविण्याचा व्यवसाय करू लागला. बरोबर नेण्यासाठी त्याने पगार देऊन एक मुलगा ठेवला होता. तो मुलगा कंटाळे, त्याचे लक्ष दुसरीकडे जाई. केस कापून घ्यायचे तरी सकाळी वडील त्याला न्हाव्याच्या दुकानात सोडून कामावर जात, आणि ते परत येईपर्यंत त्याला तेथेच बसून राहावे लागे. सामानाचे गाठोडे कोपऱ्यात ठेवावे, तसे. विद्या होती, उत्साह होता, कमावण्याची शक्तीही होती. नव्हते ते केवळ मनात आले की उठून चालू लागण्याचे स्वातंत्र्य.

अशा स्थितीत १९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात वडिलांनी त्याला एका साप्ताहिकातील लेख वाचून दाखविला. लेखिका होत्या डोरोथी हॅरिसन युस्टिस. या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळ राहत आणि जर्मन शेफर्ड जातीची उत्तम कुत्री जोपासून त्यांना पोलिसांच्या व सैन्याच्या कामासाठी शिकवून तयार करीत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे वाटाड्या श्वान तयार करणारी शाळा निघाली होती. पुढे पॉट्सडॅम येथेही तशी शाळा झाली. युस्टिसबाईंनी पॉट्सडॅमची शाळा पाहिली आणि तेथील नवल आपल्या लेखात वर्णिले. लेख ऐकताच मॉरिसने त्यांना पत्र पाठविले. अमेरिकेत अशी सोय कोठेच नव्हती. आपणास असा एक श्वान मिळवून द्यावा, आपण परत येऊन इतर अंधांसाठी हे कार्य येथे सुरू करू, असे त्याने त्यांना कळविले.

बाईंनी त्याला बोलावून घेतले. १९२८ च्या वसंतात वीस वर्षांचा मॉरिस एकटाच समुद्रापार निघाला. अंध प्रवासी एकटा कसा सोडावा, म्हणून त्याला एका वाहतूक कंपनीच्या हवाली करण्यात आले आणि पार्सलाप्रमाणे ठिकठिकाणी पोहोचते करण्यात आले. मुक्कामाला पोहोचल्यावर त्याची गाठ एका जर्मन शेफर्ड कुत्रीशी पडली. तिचे नाव होते किस, म्हणजे चुंबन. भर रस्त्यात मोठ्याने अशी हाक मारायची एका तरुणाला लाज वाटणारच! त्याने तिचे नाव बदलून बडी, म्हणजे सवंगडी, असे ठेवले.

आता हा श्वान काम कसे करतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. कुत्रा मालकाला घरी घेऊन जातो असे लोकांना वाटते. तसे नाही. वाट माणसाने ठरवावयाची असते. समजा, कसबा गणपतीच्या देवळापासून तांबट आळीत जावयाचे आहे. तर कोठे वळावयाचे, किती गल्ल्या ओलांडावयाच्या, हे अंध मनुष्याच्या मनात पक्के असले पाहिजे. पुढे चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, अशा आज्ञा तो देतो. श्वानाचे काम असते त्या वाटेतील संकटे टाळण्याचे. वाड्याचा पुढे आलेला ओटा, आडवी लावलेली हातगाडी, उघडा खड्डा, डोक्याला लागेल अशी लोंबती फांदी, यांच्या बाजूने तो माणसाला काढतो आणि पायरी आली की थांबतो. त्याच्या अंगावर चामड्याचा साज असतो व त्या साजाला एक ताठ दांडी असते. ती दांडी हातात धरली की श्वानाची प्रत्येक हालचाल माणसाला तत्काळ जाणवते. या शिक्षणातील सर्वांत अवघड धडा मात्र आज्ञा मोडण्याचा आहे. माणसाने पुढे चल म्हटले आणि समोरून गाडी वेगाने येत असेल, तर श्वानाने हलता कामा नये. कोठे ऐकावे आणि कोठे ऐकू नये, याचा विवेक एका मुक्या प्राण्याला शिकवावा लागतो!

जॅक हम्फ्री या कसलेल्या शिक्षकाच्या हाताखाली मॉरिस व बडी कित्येक आठवडे शिकले. मॉरिसला ठेचा लागल्या, चुका झाल्या, कंटाळाही आला. मग एके दिवशी तो बडीला घेऊन एकटाच गावात गेला आणि केस कापून परत आला. आपल्याला हे काम क्षुल्लक वाटेल. पण त्याला त्या दिवशी आनंदाने हसू आवरेना. न्हाव्याच्या दुकानात दिवस दिवस बसून राहणाऱ्या त्या मुलाला ही मोकळीक केवढी वाटली असेल!

येथवरची कथा धैर्याची आहे. पुढील कथा अधिक कठीण आहे, कारण आता प्रश्न रस्त्याचा नव्हता, दरवाजांचा होता. अंध मनुष्य श्वानाच्या साहाय्याने दुकानापर्यंत पोहोचला आणि दुकानदाराने कुत्र्यास मज्जाव केला, तर त्या चालण्याचा उपयोग काय? युस्टिसबाईंनी हे ओळखले होते. श्वानासह सर्वत्र जाता आले तरच हे कार्य सार्थ होईल, अशी त्यांची धारणा होती, आणि बडीला अमेरिकेत सर्वत्र प्रवेश मिळवून देण्याचे वचन मॉरिसने त्यांना दिले होते.

११ जून १९२८ रोजी तो न्यूयॉर्क बंदरात उतरला. वार्ताहरांना त्याच्या सांगण्यावर विश्वास बसेना. गोदीजवळचा वेस्ट स्ट्रीट हा अतिशय रुंद व वर्दळीचा रस्ता ओलांडून दाखविण्याचे आव्हान त्यांनी दिले. मालमोटारी, घोडागाड्या, भोंग्यांचा कल्लोळ यांत मॉरिसला दिशेचे भानच उरले नाही. त्याने सारा भरवसा बडीवर टाकला. ती थांबली, मागे सरली, पुन्हा पुढे गेली आणि अखेर त्याला घेऊन पलीकडच्या पदपथावर पोहोचली. त्याने युस्टिसबाईंना यश कळविणारी एका शब्दाची तार केली. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे दोघांनी मिळून ‘द सीइंग आय’, म्हणजे पाहणारा डोळा, ही संस्था स्थापन केली. १९३१ मध्ये ती न्यू जर्सी राज्यात गेली.

मग सुरू झाली दारोदारची झुंज. उपाहारगृहे, दुकाने, हॉटेले, कचेऱ्या, सर्वत्र कुत्र्यांना बंदी. आगगाडीत बडीला सामानाच्या डब्यात ठेवावे, असा आग्रह धरला जाई. म्हणजे तिच्यावाचून मॉरिस आपल्या डब्यात पुन्हा असहाय. त्याने भांडणापेक्षा प्रत्यक्ष प्रमाणावर अधिक भिस्त ठेवली. बडी टेबलाखाली निमूट पडून राही. ना भुंके, ना कोणाच्या ताटाकडे पाही. तिचे वर्तन हाच तिचा परवाना होता. मॉरिस गावोगाव हिंडून व्याख्याने देई, अधिकाऱ्यांना भेटे, नकार मिळाला तर पुन्हा जाई. १९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी अशा श्वानांना मालकाबरोबर उतारूंच्या डब्यात बसू देण्याचे मान्य केले.

कुत्र्याला मान मिळाल्याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांचा एक लाडका कुत्रा होता; खंड्या या नावाने तो प्रसिद्ध आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले. त्याबद्दल महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीत बसण्याचा मान देणारी सनद करून दिली, असे इतिहासकार ग्रँट डफ याने नमूद केले आहे. संगम माहुली येथे त्याची समाधी आहे. ही गोष्ट गोड आहे, पण मॉरिसची मागणी याहून अगदी निराळी होती. खंड्याचा मान हा राजाच्या कृपेचा प्रसाद होता व तो कुत्र्याला मिळाला होता. मॉरिस बडीसाठी काहीच मागत नव्हता. जेथे डोळस मनुष्य सहज जातो तेथे अंध मनुष्यालाही जाता यावे, आणि त्याचे डोळे दाराबाहेर बांधून ठेवावे लागू नयेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यासाठी कृपा पुरेशी नव्हती. कायदा हवा होता.

दयेचा त्याला तिटकाराच होता. संस्थेचे श्वान फुकट वाटले जात नसत. पहिल्या श्वानासाठी विद्यार्थ्याने १५० डॉलर द्यावे, जमेल तसे हप्त्याने द्यावे, असा प्रघात पडला. खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी अल्प होती, पण श्वान आपला स्वतःचा आहे असे अंध माणसाला ताठ मानेने म्हणता येई.

२३ मे १९३८ रोजी बडी वारली. मॉरिसने दुसरा श्वान घेतला व त्याचेही नाव बडी ठेवले. पुढील प्रत्येक श्वानाचे नाव त्याने हेच ठेवले. झुंज चालूच होती. एकेका राज्याचे विधिमंडळ कायदा करीत गेले, आणि १९५६ पर्यंत अमेरिकेतील प्रत्येक राज्यात वाटाड्या श्वानासह सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा अंधांचा हक्क कायद्याने मान्य झाला. त्याच वर्षी मॉरिसने संस्थेचे काम सोडले आणि तो पुन्हा आपल्या विम्याच्या व्यवसायाकडे वळला.

हक्क मिळाला की त्याच्या खुणेचा प्रश्न येतो. हा कुत्रा खरोखर शिकविलेला आहे, हे दारावरच्या माणसाने कसे ओळखावे? ताठ दांडीचा साज ही एक खूण झाली. पण पुढे बहिऱ्यांना आवाजाची सूचना देणारे, अपंगांना वस्तू उचलून देणारे श्वानही तयार होऊ लागले आणि त्यांना तसा साज नसतो. अमेरिकेत १९९० साली झालेल्या अपंगांविषयीच्या कायद्याखालील नियमांनी यावर एक विचारपूर्वक तोड काढली आहे. श्वान कोणत्या कामासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात: अपंगत्वामुळे हा श्वान आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे. आजाराची चौकशी करता येत नाही, दाखला मागता येत नाही. मात्र श्वान आवरत नसेल किंवा घाण करीत असेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. या उदारपणाचा गैरफायदा घेऊन घरच्या लाडक्या कुत्र्यावर खोटा अंगरखा चढविणारे लोकही निघाले. त्यांचे कुत्रे भुंकतात, अंगावर जातात, आणि त्याचा त्रास पुढे खऱ्या अंध माणसाला दारात उभे राहून सोसावा लागतो. अशा लबाडीला काय म्हणावे!

भारतात असे श्वान विरळा आहेत. येथील अंधांचा मुख्य आधार आहे पांढरी काठी. भटक्या कुत्र्यांनी भरलेल्या अरुंद गल्ल्यांतून शिकविलेल्या श्वानाला नेणे सोपेही नाही. तथापि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सार्वजनिक जागा व वाहने दिव्यांगांना सुगम असली पाहिजेत, हे तत्त्व आपल्याकडेही कायद्यात आणले आहे. साज घातलेला वाटाड्या श्वान कोठे दिसलाच, तर त्याला थोपटू नये, खाऊ घालू नये, शीळही घालू नये. तो त्या वेळी कामावर असतो, आणि त्याचे लक्ष क्षणभर ढळले तरी माणूस ठेचकाळतो.

मॉरिस फ्रँक नोव्हेंबर १९८० मध्ये निवर्तला. संस्थेचे हल्लीचे ठाणे असलेल्या न्यू जर्सीतील मॉरिसटाउन गावच्या चौकात २००५ साली त्याचा व बडीचा पुतळा बसविण्यात आला. पुतळ्यातील मॉरिस ऐन तरुण आहे, बडीच्या साजाची दांडी त्याच्या डाव्या हातात आहे, आणि तो तिला पुढे चालण्याची आज्ञा देत आहे.