बर्था बेंझबाई

मोटार धांवूं लागली म्हणजे आपली दृष्टि तिच्या रंगाकडे व वेगाकडे जाते. टाकींतून एंजिनाकडे इंधन नेणाऱ्या बारीक नळीकडे कोणी पाहत नाहीं. परंतु मोटारीचा पहिला दूरचा प्रवास अशाच एका नळीपाशीं अडला होता, व एका मातेच्या प्रसंगावधानानें तो पुढें सरकला. त्या बर्था बेंझबाईंचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवितों.

बर्थाबाईंचा जन्म ता. ३ मे १८४९ रोजीं जर्मनींतील फोर्ट्सहाइम शहरीं झाला. पुन्हां मुलगीच झाली म्हणून वडिलांनीं घरच्या बायबलांत खेद लिहून ठेविला होता व तो पुढें या मुलीच्या वाचनांत आला, असें सांगतात. त्या काळीं तेथील विश्वविद्यालयांचीं दारें मुलींना बंद होतीं. पुढें कार्ल बेंझ या निर्धन पण कल्पक यंत्रज्ञाशीं त्यांचा विवाह ठरला. भागीदाराच्या बेभरंवशाच्या वागणुकीनें कार्ल यांचा कारखाना बुडूं लागला, तेव्हां बाईंनीं आपल्या हुंड्याची रक्कम लग्नापूर्वींच मागून घेऊन तो वांचविला. ता. २० जुलै १८७२ रोजीं उभयतांचा विवाह झाला.

ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल यांनीं आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्यावांचून चालणाऱ्या गाडीवर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हां १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहांटे बर्थाबाई पतीस न विचारतां, ऑयगेन व रिचर्ड या १५ व १३ वर्षांच्या मुलांसह, मानहाइमहून सुमारें १०० किलोमीटर दूर असलेल्या माहेरीं मोटारीनें निघाल्या.

वाटेंत इंधन लागलें, तें वीस्लोख गांवीं औषधांच्या दुकानांतून घेतलें. कपड्यांवरील डाग काढण्याचें लिग्रोइन हेंच त्या गाडीचें पेट्रोल. चढणीवर मुलांनीं गाडी ढकलली. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनीं टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. विजेच्या तारेवरचें आवरण झिजलें, तेथें मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. संध्याकाळीं माहेर गांठून त्यांनीं पतीस तार केली. कांहीं दिवसांनीं त्या मोटारीनेंच परतल्या व जें जें उणें दिसलें तें पतीस सांगितलें. पुढें चढणीसाठीं आणखी एक गिअर बसविण्यांत आला.

आम्हांस यांतील नळीचा प्रसंग विशेष बोधप्रद वाटतो. तुंबलेली नळी टांचणीनें मोकळी होते; जीर्ण झालेली नळी कशानेंही सुधारत नाहीं. आजच्या गाड्यांतील रबरी नळी उष्णतेनें व इंधनानें ताठर होते, तिला भेगा पडतात, आणि तापलेल्या एंजिनावर पेट्रोल गळून गाडी पेट घेऊं शकते. जुन्या गाड्यांच्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलानें अधिकच लवकर खराब होऊं शकतात. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, नेहमींच्या देखभालीच्या वेळीं, एंजिन थंड असतां, ही नळी व तिच्या क्लिपा कारागिराकडून तपासून घ्याव्या. पेट्रोलचा वास, ओल वा भेग आढळतांच, वर चिकटपट्टी न गुंडाळतां, सबंध नळी बदलावी. नवी नळी इंधनासाठींच बनविलेली असावी, पाण्याची चालत नाहीं. बाईंचा पट्टा वाटेपुरता होता. घरीं असतां तसाच उपाय करणें हा निव्वळ आळस होय.

कार्ल बेंझ १९२९ सालीं वारले. ज्या कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयांत ते शिकले होते, त्यानेंच बर्थाबाईंना त्यांच्या ९५ व्या वाढदिवशीं सन्माननीय सेनेटरची पदवी अर्पण केली. त्यानंतर दोन दिवसांनीं, ता. ५ मे १९४४ रोजीं, लाडेनबुर्ग येथें त्यांचा अंत झाला. जिच्या जन्माचा खेद झाला, तिच्याच हातून हें कार्य घडलें. विद्यार्थ्यांनो व विशेषतः विद्यार्थिनींनो, लहान गोष्टींकडे वेळींच लक्ष देण्याची त्यांची संवय तुम्ही अंगीं बाणवा, इतकीच आमची इच्छा आहे.