सॅनफर्ड मॉस: उंचावर दमणाऱ्या इंजिनाला पुरेशी हवा देणारा इंजिनिअर

लडाखला स्वतःची गाडी घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर झोकात पळणारी साधी पेट्रोल गाडी खारदुंगला चढताना अक्षरशः दमते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती ओढत नाही. अनेकांना वाटतं, गाडीत बिघाड झाला.

प्रत्यक्षात बिघाड नसतो, हवा कमी पडत असते. १ किलो पेट्रोल नीट जाळायला इंजिनाला जवळपास १५ किलो हवा लागते. उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवाच विरळ असते. सिलिंडर तेवढाच, पिस्टन तेवढाच, पण आत शिरणारी हवा कमी. हवा कमी म्हणजे जळणारं इंधन कमी आणि ताकदही कमी. ढोबळ हिशेब असा, की दर १,००० फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद जाते.

टर्बो असलेल्या गाडीला हा त्रास बराच कमी होतो. ही यंत्रणा उंचावर खरंच काम करते, हे १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका डोंगरमाथ्यावर ज्यांनी सिद्ध केलं, ते इंजिनिअर म्हणजे सॅनफर्ड मॉस.

फसलेल्या प्रयोगापासून सुरुवात

मॉस यांचा जन्म १८७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. सोळाव्या वर्षीच ते दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. दाबलेल्या हवेत इंधन जाळलं तर तिच्यातून कितीतरी जास्त ऊर्जा मिळेल, हा विचार त्यांच्या डोक्यात तिथेच आला आणि पुढे आयुष्यभर टिकला.

कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंजिनिअर झाल्यावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात गॅस टर्बाइनवर संशोधन केलं. इंधन जाळायचं आणि त्या तप्त वायूच्या झोतानं चाक फिरवायचं, अशी ती योजना. चाक फिरलं, पण एक अडचण होती. हवा दाबायला जेवढी ताकद खर्च होत होती, तेवढीही चाकातून परत मिळत नव्हती.

१९०३ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गेले. तिथेही काही वर्षं हा प्रयत्न झाला. इंधन भरमसाट लागतं म्हणून कंपनीनं अखेर तो गुंडाळला. मॉस मग हवा दाबणारे कॉम्प्रेसर बनवू लागले.

महायुद्धानं विचारलेला प्रश्न

पहिल्या महायुद्धात विमानांची चढाओढ उंचीसाठी होती. जो वर, त्याचं पारडं जड. पण वर जावं तसं इंजिन मलूल व्हायचं. यावर स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच एक पेटंट घेतलं होतं, तर फ्रान्समध्ये ऑगस्ट रातो विमानाच्या इंजिनावर प्रयोग करत होते. म्हणजे मूळ कल्पना मॉस यांची नव्हती.

कल्पना अशी: इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया जातो. त्याच्या वाटेत एक चाक बसवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, जे बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनात ढकलेल. हाच टर्बो.

१९१७ मध्ये अमेरिकेच्या विमानविद्या समितीचे प्रमुख विल्यम ड्युरँड यांनी जनरल इलेक्ट्रिकला याबद्दल विचारलं. ड्युरँड हे कॉर्नेलमधले मॉस यांचे प्राध्यापक. तप्त वायूवर फिरणारं चाक आणि हवा दाबणारं यंत्र, या दोन्हींवर वर्षानुवर्षं काम केलेला आपला विद्यार्थी त्यांना ठाऊक होता. गॅस टर्बाइनच्या अपयशातून मिळालेलं ज्ञान इथे जसंच्या तसं उपयोगी पडणार होतं.

डोंगरावर नेलेलं विमानाचं इंजिन

यंत्र बनलं, पण ते तपासायचं कसं? उडत्या विमानात इंजिनाची ताकद मोजणं तेव्हा अवघड होतं. मॉस यांनी इंजिनच ट्रकवर चढवलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. उंची सुमारे १४,१०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. वर मोटारीचा रस्ता होता, हे महत्त्वाचं.

खाली सुमारे ३५० हॉर्सपॉवर देणारं लिबर्टी इंजिन माथ्यावर टर्बोशिवाय २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर त्यानं ३५६ हॉर्सपॉवर दिली. खाली होती तेवढी ताकद १४,००० फुटांवर परत मिळाली होती.

महायुद्ध काही आठवड्यांतच संपलं. त्यात हा टर्बो वापरला गेला नाही, पण प्रयोग थांबले नाहीत. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी टर्बो बसवलेलं विमान ३३,११३ फुटांवर नेऊन विक्रम केला. इंजिनाला हवा पुरली, पण वैमानिकाचा ऑक्सिजन संपला. श्रोडर बेशुद्ध पडले, विमान काही मैल खाली कोसळलं. शुद्ध आल्यावर, थंडीनं डोळे गोठलेले असतानाही, त्यांनी ते कसंबसं उतरवलं.

पुढे काय झालं?

मॉस १९३८ मध्ये निवृत्त झाले, पण दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कामावर आले. अमेरिकेच्या हवाई दलासोबत त्यांना १९४० ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. बी-१७ बॉम्बर आणि पी-४७ लढाऊ विमानं टर्बोच्याच जोरावर उंच उडत होती. जपानची शहरं जाळणारी बी-२९ विमानंही टर्बोवरच चालत होती. ही त्या यंत्राची दुसरी बाजू.

१९४१ मध्ये ब्रिटनचे फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं, तेव्हा सरकारनं जनरल इलेक्ट्रिकलाच निवडलं, कारण टर्बोचा अनुभव. जेट इंजिन म्हणजे एका अर्थानं गॅस टर्बाइनच. जो प्रकल्प कंपनीनं एकदा बंद केला होता, तोच परत आला. त्यावर चालणारं अमेरिकेचं पहिलं जेट विमान १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये उडालं. १० नोव्हेंबर १९४६ रोजी मॉस यांचं निधन झालं.

टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी कार १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आल्या. त्यामुळे लडाखचा बेत असेल तर तुमच्या गाडीला टर्बो आहे का, हे आधी पाहा. नसेल, तर घाटात खालचा गिअर ठेवा, सामान कमी घ्या आणि ओव्हरटेक करताना नेहमीपेक्षा जास्त अंतर राखा.