अक्षरांचे उपासक : जावजी दादाजी

छापील अक्षरालाही स्वभाव असतो. इंग्रजी ग्रंथात एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असला, किंवा पुस्तकाचे नाव सांगावयाचे असले, म्हणजे उजवीकडे कललेले नाजूक इटालिक अक्षर योजतात. व्हेनिस नगरीत आल्डस मॅन्युशियस याने फ्रांचेस्को ग्रिफो याजकडून असे खिळे कोरवून १५०१ साली व्हर्जिलचे काव्य छापले. विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षराचा डौल त्यांत उतरला होता. आपल्याकडेही उभी बाळबोध व धावती मोडी अशी दोन वळणे होती. छापखान्यात बाळबोधच रुजली. आणि तिला देखणे रूप देणाऱ्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रगण्य होय.

सांगलीशेजारच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. उपक्रम थोर खरा. परंतु कोरलेला पत्रा एकाच पानाच्या उपयोगी पडतो. सुटे खिळे मात्र एक पान छापून झाले की पुन्हा दुसऱ्यासाठी जुळविता येतात. सातारा-सांगलीच्या सामान्य घरी ग्रंथ पोहोचावयाचा, तर सुबक सुटे खिळेच हवे होते.

जावजींचा जन्म मुंबईस १८३९ साली गरीब घरात झाला. शिक्षण फारसे लाभले नाही. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासू लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी खिळ्यांचे वळण पुष्कळ सुधारले होते. हलके मानलेले हे काम जावजींनी विद्या समजून केले.

ही विद्या सोपी नव्हे. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, व त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. त्यातून आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे! एक खिळा केसभर वर राहिला तरी शिरोरेषा तुटते आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते.

१८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचे कोरीव कसब त्यांच्या पाठीशी होते. १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. तेथील अक्षर ठसठशीत, गोलाईदार व शुद्ध. म्हणून पंडितांचाही त्यावर विश्वास बसला. १८८६ साली सुरू झालेल्या काव्यमालेने पोथ्यांत दडलेली संस्कृत काव्ये विद्यार्थ्यांच्या हाती दिली. १८९२ साली जावजी निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, उत्तम अक्षर स्वतःकडे लक्ष वेधीत नाही. ते वाचकास अर्थापर्यंत सुखरूप नेऊन पोहोचविते. जे मूल खिळे घासता घासता त्यांचे गुणदोष पारखावयास शिकले, त्यानेच पुढे हजारोंच्या वाचनाची वाट गुळगुळीत केली. आपल्या वाट्यास आलेले काम लहान वाटेल, तेव्हा या चरित्राचे स्मरण ठेवावे.